पिवळी गोळी

परीक्षा जवळ आली की आमच्या विंगमध्ये प्रत्येकीच्या टेबलावर एक बाटली दिसू लागते. आत मण्यांसारख्या पिवळ्या, पारदर्शक गोळ्या. कॉड लिव्हर ऑइल! घरून पार्सल आलं की त्यात लाडू, चिवडा आणि ही बाटली ठरलेली. आई म्हणते डोळ्यांना चांगली, हाडांना चांगली, बुद्धीला चांगली. (बुद्धीचं काय ते एम-थ्रीचा पेपर सांगेलच.)

मी या गोळीच्या मागे लागले ती माझ्या रूममेटमुळे. ती पंढरपूरकडची, घर माळकरी, गळ्यात तुळशीची माळ. या वर्षी तिचे पाय सारखे दुखायचे, तीन जिने चढून आली की पलंगावर आडवीच. रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी फारच कमी निघालं. झालं, सगळ्या जणी आपापल्या बाटल्या घेऊन हजर. आणि ती बिचारी म्हणते, "अगं, पण हे माशाचं ना?"

माशाचंच. कॉड हा उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला मासा, त्याच्या यकृताचं हे तेल. मी कॉन्व्हेंटवाली, रिकेट्सला मराठीत मुडदूस म्हणतात हे मला आजीनं सांगितलं. या मुडदुसावर हे तेल चालतं हे लोकांना आधीपासून माहीत होतं. का चालतं, ते कळलं १९२२ साली. मॅकॉलम नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं तेल तापवून त्यातून ऑक्सिजन सोडला. त्यातलं व्हिटॅमिन ए नष्ट झालं, तरी मुडदूस बरा होतच राहिला. म्हणजे तेलात आणखी काहीतरी होतं, तेच डी. किती साधा प्रयोग! आमच्या लॅबच्या जर्नलमध्ये असले प्रयोग का नसतात कोण जाणे. दुसऱ्या महायुद्धात परदेशातून तेल येईना, तेव्हा आपल्याकडे मुंबईत आणि केरळच्या किनाऱ्यावर मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, यकृताचं तेल काढू लागले. त्यात ए भरपूर, पण डी कमी.

आता हिशोब. वरून काही न घातलेल्या साध्या कॉडच्या तेलाचा एक चमचा म्हणजे साडेचार ग्रॅम. त्यात डी सुमारे ४५० युनिट, ए सुमारे १३५० मायक्रोग्रॅम, शिवाय ओमेगा-३. गोळी ३०० मिलिग्रॅमची धरली तर एका चमच्याला पंधरा गोळ्या. म्हणजे एका गोळीत डी फक्त ३० युनिट! आयसीएमआरनं २०२० मध्ये रोजची गरज ६०० युनिट सांगितली आहे. खा रोज वीस!

मग बाटलीतलं तेलच प्यावं म्हणाल, तर तिथे ए आडवं येतं. ते यकृतात साठत जातं, आणि मोठ्या माणसाला दिवसाला ३००० मायक्रोग्रॅम ही त्याची वरची मर्यादा. टेबलस्पूनभर तेलात ते ४००० च्या वर जातं. गरोदरपणात तर जास्तीचं ए बाळाला घातक, म्हणून मॅडम लोकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे तेल घेऊच नये. ओमेगा-३ साठी म्हणाल तर मासे खाणाऱ्यांना आपले बांगडे नि तारली आहेतच. मेसमध्ये मिळत नाहीत ही गोष्ट वेगळी.

रूममेटला डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पावडर दिली, आठवड्यातून एकदा, दुधातून. आणि रोज थोडा वेळ ऊन. लायब्ररीत खिडकीशी बसून भागत नाही, कारण डी तयार करणारे किरण काचेतून येत नाहीत. तरी तिनं विचारलंच, ही पावडर कशाची? मी शोधून सांगितलं, बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून करतात. तिनं लगेच घरी फोन लावला. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घोंगडी पांघरतोच की आपण. घे."