पहिला नग
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. बाबा लेथवर काम करतात. गेल्या जूनमध्ये मी अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यात दुपारची ऑफिसची नोकरी धरली, तेव्हा आईने शिवमंदिरात जाऊन नारळ वाढवला. लेक टेबल-खुर्चीवर बसणार याचे तिला कोण कौतुक! टेबलावर बसून नेमके काय करणार हे तिला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नव्हते.

काम होते अर्जांचे. रजेचा अर्ज, मालाची मागणी आणि उचल. कागद हरवत, सही राहून जाई. शेवटी मालकांनी एक सॉफ्टवेअर घेतले आणि म्हणाले, "तू शिकलेली आहेस, तूच बसव." मराठी आणि इतिहास शिकणारी मी! पण प्रकरण वाटले तितके अवघड निघाले नाही, कारण त्यात सगळे तुकडे तयारच मिळतात. 'अर्ज आला' हा एक तुकडा, 'साहेबांची मंजुरी घ्या' हा दुसरा, 'मोबाईलवर निरोप पाठवा' हा तिसरा. आपण फक्त एकापुढे एक लावायचे, की अर्ज आपल्या पायांनी चालू लागतो. बुखारेस्टमध्ये 2005 साली सुरू झालेली युआयपाथ, मायक्रोसॉफ्टचे 2016 मधले 'फ्लो' (2019 पासून त्याचे नाव पॉवर ऑटोमेट), ही सारी याच जातीची साधने. कल्पना मात्र पुष्कळ जुनी. 1968 साली जर्मनीतल्या गार्मिश गावी एक परिषद भरली होती. तिथे डग्लस मॅकिलरॉय यांनी मांडले, की यंत्राचे सुटे भाग जसे यादीतून निवडून घेता येतात तसे सॉफ्टवेअरचेही घेता आले पाहिजेत. प्रत्येकाने पहिल्यापासून घडवत बसू नये. एमआयडीसीतल्या माणसाला हे निराळे समजावून सांगायला नको.

रजेसाठी जोडलेला मंजुरीचा तुकडा मी जसाच्या तसा उचलला आणि मालाच्या मागणीला लावला, मग उचलीलाही लावला. एका दुपारात तीन कामे उरकली. मालक खूश, मीही खूश.

दिवाळीनंतर आमचे सुपरवायझर भावाच्या लग्नासाठी गावी गेले. त्याच सुमारास पॅकिंगमधल्या एका मावशींनी नातवाच्या दवाखान्यासाठी सहा हजारांच्या उचलीचा अर्ज केला. अर्ज माझ्यासमोरच भरला होता. चौथ्या दिवशी त्यांच्या मोबाईलवर इंग्रजी निरोप आला. शेजारच्या मुलाने वाचून सांगितले, "रिजेक्टेड."

मावशी कुणाला काही बोलल्या नाहीत. मालकांनी नाही म्हटले, आता कशाला विचारायचे, असे त्यांना वाटले. त्यांनी मंगळसूत्रातली डोरली सोनाराच्या पेढीवर ठेवली आणि पैसे उभे केले. मला कळले ते दहा-बारा दिवसांनी, त्यांच्या गळ्यातला नुसता काळा पोत पाहून.

मी अर्जाचा प्रवास उघडून पाहिला. नाही कुणीच म्हटले नव्हते! तीन दिवसांत उत्तर आले नाही तर 'नामंजूर' धरायचे, असे त्या तयार तुकड्याच्या पोटातच लिहिलेले होते. ज्याने तो घडवला, त्याच्या डोळ्यांपुढे एखादे मोठे ऑफिस असावे. सुपरवायझर गावी जातो आणि त्याच्या जागी दुसरा कुणी नसतो, हे त्याला कुठून ठाऊक असणार? मला ठाऊक होते. पण तुकडा उघडून आत काय आहे ते मी पाहिलेच नव्हते. आणि तीन ठिकाणी नकला केल्यामुळे चूकही तीन ठिकाणी जाऊन बसली होती. मंजुरीचा तुकडा एकच ठेवून तिन्ही अर्जांनी त्यालाच हाक मारायची, ही खरी रीत; म्हणजे दुरुस्ती एकदाच करावी लागते. हे मी नंतर शिकले.

त्या संध्याकाळी बाबांबरोबर देवळाच्या आवारात बसले होते. शके 982 मध्ये, म्हणजे इसवी सन 1060 च्या सुमारास बांधलेले हे देऊळ. शिखराचा माथा आज उरलेला नाही. पण उरलेल्या भागावर लहान लहान शिखरांच्या ओळी दिसतात, एकाच घाटाच्या. भूमिज शैलीची ती खूण, असे वर्गात शिकले होते. मी बाबांना सगळे सांगितले. मला वाटले, ते संगणकाला नावे ठेवतील. त्यांनी एवढेच विचारले,

"पहिला नग तपासला होतास का?"

जिगमध्ये भोक एका सुताने चुकले की त्यातून निघणारे सगळे नग चुकतात. म्हणून पहिला नग काढून, मापून, पास झाल्याशिवाय बाबा मशीन पुढे चालवत नाहीत. मी एकही खोटा अर्ज भरून पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मालकांना सारे सांगितले. ते रागावले, पण मावशींची उचल त्याच दिवशी दिली. आता उत्तर आले नाही तर अर्ज थेट मालकांकडे जातो, आणि निरोप मराठीत येतो. मावशींनाही मी खरे ते सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी शेठनं न्हाई म्हटलंच नव्हतं?" त्यांना त्याचेच बरे वाटले. मला मात्र मान वर करवेना.

उचलीचे पैसे दवाखान्यातच गेले. डोरली अजून पेढीवर आहेत.