शिकलगार म्हणजे कोण?

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, पण बदली तासाला कधी कधी इतिहासही घ्यावा लागतो. असाच एकदा सातवीच्या वर्गात शिवाजी महाराजांच्या आरमाराविषयी बोलत होतो. दौलतखान, दर्यासारंग ही नावं फळ्यावर लिहिली. १६७९ साली खांदेरी बेटासाठी समुद्रात लढाई झाली, इंग्रजांकडे कॅप्टन केग्विन होता आणि मराठ्यांच्या गलबतांवर दौलतखान, हेही सांगितलं. एका मुलीने विचारलं, "सर, या लोकांना तलवारी कोण करून द्यायचं?" मागून कुणीतरी म्हणालं, "त्याला विचारा, तो शिकलगार आहे. त्याचे अब्बा सुऱ्यांना धार लावतात." वर्ग हसला. त्या पोराने मान खाली घातली.

उरलेला तास मी त्या आडनावावरच घेतला.

अरबीत 'सैकल' म्हणजे झिलई, त्याला फारसी 'गर' जोडला की सैकलगर. मराठीने त्याचा शिकलगार केला. हत्यारांचा गंज काढायचा, धार द्यायची, पातं आरशासारखं करायचं, हे त्याचं काम. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड किती लवकर गंजतं, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. शिकलगार नसेल तर आरमारातल्या सरदाराची तलवार म्यानातच अडकायची.

तलवारींनीही समुद्र पुष्कळ ओलांडला. मराठ्यांची आवडती 'फिरंग' म्हणजे युरोपातून आलेलं लांब, सरळ पातं आणि त्याला इथल्या कारागिराने बसवलेली मूठ. उलट दिशेने दख्खनचं पोलाद इराणला जायचं. ते विकत घ्यायला तिकडचे व्यापारी तेलंगणातल्या कोनसमुद्रमपर्यंत येत. त्या पोलादावर उमटणाऱ्या लाटांना उर्दूत 'जौहर' म्हणतात. माणसाच्या अंगच्या गुणालाही हाच शब्द आहे. मराठीत आपण पात्याला पाणी देतो, आणि माणसालाही पाणीदार म्हणतो.

इस्फहानच्या असदुल्लाचं नाव पात्यांवर कोरलेलं सापडतं. त्याची कीर्ती एवढी की इतरांनी केलेल्या पात्यांवरही त्याचंच नाव घातलं गेलं. एकोणिसाव्या शतकात लंडनची विल्किन्सन कंपनी अधिकाऱ्यांच्या तलवारींवर क्रमांक घालू लागली. त्या क्रमांकावरून तलवार कुणासाठी बनली, हे आजही वहीत सापडतं. आपल्याकडे संग्रहालयात पाटी असते ती बहुतेक तलवार बाळगणाऱ्याची. ज्याने ती चालती ठेवली, त्याचं फक्त आडनाव उरलं, आणि तेही आता चिडवायला वापरतात.

तलवारी गेल्या, तसे शिकलगार कात्री, सुरी, विळा, अडकित्ता यांच्याकडे वळले. काम तेच आहे. मुसलमान आणि तलवार हे शब्द हल्ली भाषणांत एकत्र येतात ते भीती घालायला. त्याच तलवारीला धार देऊन स्वराज्याच्या कामी लावणाऱ्या हातांची आठवण कुणी काढत नाही.

तुमच्या गावात कुणी शिकलगार असतील, तर त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ जरा बसा. आजोबा-पणजोबांची नावं विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा.