पॉवर

"पॉवर कमी हाय, मोटार उचलंना." कुंभीकाठच्या ऊसवाल्याच्या तोंडी हा शब्द विजेसाठी येतो. त्याच्याच घरातली म्हातारी चष्म्याची पॉवर वाढली म्हणते. तालुक्याला अडलेलं काम कुणी करून आणलं, की 'त्याची वर पॉवर हाय' असं ऐकू येतं. इंग्रजीत या शब्दाचं मूळ 'करू शकणे' यात आहे, आपली 'शक्ती'ही शकण्यातूनच आली. पण गगनबावड्यात मला सगळ्यांत जड वाटतो तो कागदावरचा अर्थ. 'थोरल्यानं धाकट्याला पॉवर दिली', म्हणजे मुंबईकर भावानं गावच्या जमिनीचं कुलमुखत्यारपत्र करून दिलं. आपलं करू शकणं दुसऱ्याच्या हाती द्यायचं आणि निर्धास्त राहायचं.

याच बावड्याच्या जहागीरदारांचे मूळ पुरुष रामचंद्रपंत अमात्य. 1689 मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे निघाले, तेव्हा 'हुकूमतपनाह' किताब देऊन मागचा मुलूख पंतांवर सोपवून गेले. अख्ख्या राज्याचं मुखत्यारपत्रच ते, आणि समोर औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून बसलेला. अशा वेळी कुणाचं काहीही ओढून नेता आलं असतं, विचारणारा शेकडो कोस दूर होता.

त्याच पंतांचं राज्यकारभारावरचं 'आज्ञापत्र' 1715 चं. त्यात आरमाराचा विषय चालू असताना ते झाडापाशी थांबतात. जहाजांना लाकूड लागतं, ते सागवानासारखं रानातून परवानगीनं तोडून आणावं. रयतेच्या आंब्याफणसाला मात्र हात लावायचा नाही. ती झाडं वर्षादोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादं अगदी जीर्ण झाड लागलंच, तर धन्याला राजी करून, पैसे मोजून, त्याच्या संतोषानं न्यावं. जबरदस्ती मुळीच नको. सगळी सत्ता भोगून झालेल्या माणसानं हे लिहिलंय, म्हणून मला ते त्यातल्याच गडांवरच्या प्रकरणाहूनही मोलाचं वाटतं.

आज घाटमाथ्यावर जमिनीचा व्यवहार ठरतो, तेव्हा पॉवर घेणारा सहीच्या जागा दाखवत जातो. चतुःसीमा, गट नंबर, रक्कम सगळं वाचून होतं. मग दारामागून घरातली बाई विचारते, "आन् बांधावरचा फणस?" पंतांनी हा प्रश्न विचारायचं काम सरकारी माणसाकडे दिलं होतं. मला तो पॉवरच्या कागदात, पहिल्याच कलमात लिहिलेला हवा आहे.