फुटाला एक सूत

तुमच्या घराला गॅरेज आहे का? आणि असलंच, तर त्यात गाडी मावते का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' असेल, तर तुम्ही आमच्यातलेच. विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो, तेव्हा आमच्या गॅरेजमध्ये मागच्या भाडेकरूचा गवत कापायचा यंत्र, बाळाच्या पाळण्याचे रिकामे खोके आणि 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेल्या असंख्य वस्तू होत्या. गाडी बाहेर, बर्फात.

मुलगी झाली तेव्हा आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले. एप्रिलमध्ये आले, ऑक्टोबरमध्ये परत जायचे होते. हे सहा महिने तुम्हीही पाहिले असतील. आईला आल्या दिवशीच काम मिळतं. स्वयंपाकघर तिचं, बाळाची अंघोळ तिची, डिंकाचे लाडू तिचे. बाबांना मात्र काहीच मिळत नाही. गाडी चालवता येत नाही, चालत जावं असं जवळ काही नाही, टीव्हीवर तीच तीच मराठी बातमीपत्रं. पंधरा दिवसांत माझे बाबा खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायला लागले. बाहेर जाणाऱ्या कचऱ्याच्या गाडीची वेळ त्यांना पाठ झाली.

बाबा एस.टी.च्या दापोडीच्या कार्यशाळेत फिटर होते. चौतीस वर्षं. त्या हातांना खिडकीत बसवून ठेवलेलं मला बघवेना. एका शनिवारी मी म्हटलं, "बाबा, गॅरेजमध्ये एक कामाचं टेबल करायचंय. वर्कबेंच. याल का मदतीला?"

खरं सांगतो, मला तेव्हा टेबलाची फारशी गरज नव्हती. आणि बाबांनी मला हत्याराला कधी हातही लावू दिला नव्हता, हेही मला आठवत होतं. लहानपणी ते रविवारी सायकल खोलून बसायचे. मी पाना उचलला की म्हणायचे, "ठेव तो. हात धू आणि पुस्तक घे." मी पुस्तक घेतलं. दहावी, बारावी, एम.एस्सी., मग इथे येऊन डॉक्टरेट, आणि आता पोस्टडॉक.

लाकूड आणायला गेलो आणि दुकानात माझी पंचाईत झाली. मी मीटर-सेंटिमीटरवर वाढलेला माणूस. 'थ्री एट्थ्स' म्हटलं की मला अजूनही मनात भागाकार करावा लागतो. बाबा बोल्टच्या खोक्यांसमोर उभे राहिले, पाटी न वाचता एक बोल्ट उचलला, बोटांत फिरवला आणि म्हणाले, "हा तीन सूती. आपल्याला हाच लागेल."

सूत! आपल्याकडचे सुतार, गवंडी, फिटर वापरतात ते सूत. आठ सूत म्हणजे एक इंच. भारतात कायद्याने दशमान पद्धत 1956 साली आणली, पण कामगारांच्या तोंडातून सूत गेलं नाही. आता बघा गंमत: पाव इंच म्हणजे दोन सूत, अर्धा म्हणजे चार, पाऊण इंची प्लायवूड म्हणजे सहा सुती. अमेरिकेच्या दुकानातलं जवळजवळ प्रत्येक माप बाबांच्या भाषेत आधीपासूनच होतं. आल्यापासून पहिल्यांदाच या देशात मी त्यांचा दुभाषा नव्हतो, ते माझे होते.

एकाच ठिकाणी ते अडले. टू-बाय-फोरच्या चौकोनी लाकडाला त्यांनी टेप लावली, परत लावली. "हे दीड बाय साडेतीन आहे."

मी समजावलं की नाव ओल्या, नुकत्याच कापलेल्या लाकडाचं असतं. वाळवून, रंधून झाल्यावर ते तेवढं उरतं. सगळ्या दुकानांत असंच.

"म्हणजे सगळेच मापात पाप करतात," बाबा म्हणाले आणि एकेक लाकूड डोळ्यासमोर धरून वाक बघायला लागले. नऊ बाजूला काढली, तीन घेतली. पुढच्या थप्पीकडे वळले. दुकानातला मुलगा दोनदा येऊन विचारून गेला, काही मदत हवी का.

घरी आल्यावर मी फोनवरच्या पाणसळीने फरशी मोजायला घेतली. बाबांनी माझ्याकडून एक पारदर्शक नळी मागवून घेतली, तिच्यात पाणी भरलं, एक टोक मला धरायला दिलं. टेबल सहा फूट लांब, बाजूच्या भिंतीला लागून होणार होतं. नळीतलं पाणी थांबलं तसं ते म्हणाले, "दाराकडे सहा सूत खाली. फुटाला एक सूत. न्हाणीघराला देतात तसा उतार दिलाय." गॅरेजच्या फरशीला दाराकडे उतार मुद्दामच ठेवतात, गाडीखालचं पाणी आणि सांडलेलं तेल घरात न येता बाहेर जावं म्हणून. तुम्ही टेबल करणार असाल तर आधी हे मोजा. नाहीतर वर ठेवलेला प्रत्येक नट दाराकडे निघेल.

मी म्हटलं, मग दाराकडचे दोन पाय सहा सूत लांब कापू. बाबा नाही म्हणाले. "पाय चारी सारखे काप. खाली सहा सुती प्लायचे तुकडे घाल. घर भाड्याचं आहे ना?"

"हो."

"नोकरी?"

मी म्हटलं, "आहे." पोस्टडॉकचं काय असतं, तुम्हाला माहीत असेल. करार वर्षावर्षाचा, तोही प्राध्यापकाला मिळालेल्या निधीवर. बाबांनी पुढे विचारलं नाही. पण त्यानंतर गोंदाची बाटली त्यांनी दोनच ठिकाणी उघडू दिली: दोन्ही बाजूंच्या चौकटी. त्या दोन चौकटी जोडणारी चार लांब लाकडं, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन, अशी सोळा तीन सूती बोल्टांवर बसवायची. भिंतीत एकही स्क्रू नाही.

भिंतीचा आधार न घेता टेबल डुगडुगू नये, ही खरी मेख. चार पाय आणि चार आडवी लाकडं कितीही घट्ट आवळली तरी रेटा आला की चौकोन तिरका होतो. मागच्या बाजूला प्लायवूडचा एक अखंड पत्रा मारला आणि सगळं एकदम गप्प झालं. खाली फळी, तिच्यावर हिवाळ्यासाठी आणलेल्या मिठाच्या गोण्या. वर सहा सुती प्लायचे दोन थर, म्हणजे दीड इंच. त्यावर दोन सुती हार्डबोर्ड, नुसता स्क्रूने धरलेला, खराब झाला की बदलायला.

आमचं खरं भांडण झालं ते उंचीवरून. मी वाचून आलो होतो: हात खाली सोडून उभं राहिलं की मनगटाची घडी जिथे येते, तिथे टेबल. म्हणजे चौतीस इंच. बाबा म्हणाले, कोपरापर्यंत हवं. एक्केचाळीस. "इतक्या खाली कानस मारलीस तर पाठ मोडेल, आणि पृष्ठभाग गोल होईल तो वेगळाच." मी म्हटलं, पुस्तकात आहे. ते म्हणाले, "पुस्तकातल्याने चौतीस वर्षं कानस मारली होती का?" त्या दिवशी जेवताना आम्ही एकमेकांशी बोललो नाही. आईने मला विचारलं, "त्यांना काय बोललास?" बायकोने मला विचारलं, "सात इंचांवरून?"

दुसऱ्या दिवशी जवळच एका घरी गॅरेज सेल होता. तिथे वीस डॉलरला गंजलेला पाच इंची व्हाइस मिळाला. घासून, तेल घालून बाबांनी तो टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून पाहिला, बरोबर पायाच्या वर, कारण ठोके थेट पायातून जमिनीत जायला हवेत. मागचा स्थिर जबडा टेबलाच्या कडेच्या जरासा बाहेर, म्हणजे लांब पट्टी उभी धरता येते. मग मी टेप लावली. व्हाइस बरोबर सात इंच उंच होता.

चौतीस आणि सात, एक्केचाळीस. मी टेबल मोजत होतो, बाबा व्हाइसचा जबडा मोजत होते. लाकडाचं काम टेबलावर पसरून होतं, कानशीचं काम जबड्यात धरून. दोघांचीही मापं बरोबर होती. बाबा काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "बघ, तुझं पुस्तकपण बरोबर होतं."

टेबल झालं तशी खिडकीजवळची खुर्ची गॅरेजमध्ये गेली. दार उघडं टाकून बाबा तिथे असायचे. शेजारचे आजोबा आपल्या कात्र्या धार लावायला घेऊन यायला लागले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि त्याने दोघांचंही काही अडत नव्हतं.

जुलैमध्ये एका संध्याकाळी बाबांनी माझ्या हातात लोखंडाचा तुकडा आणि कानस दिली. आय.टी.आय.मध्ये फिटरला पहिल्यांदा हेच देतात: ठोकळा घ्या आणि काटकोनात आणा. पंधरा दिवस मी रोज अर्धा तास कानस मारली. दर वेळी बाबा ठोकळ्यावर गुण्या लावायचे आणि दिव्यासमोर धरायचे. खालून उजेड आला की, "अजून आहे." काही मायक्रॉनची फटसुद्धा उजेडात दिसते. मला हसू आलं. मी लेझरवर काम करतो. आरसा किती सपाट आहे हे आम्हीही उजेडानेच पाहतो, प्रकाशाच्या पट्ट्या वाकड्या दिसल्या की आमचंही 'अजून आहे'.

मी त्यांना ते सांगितलं. प्रयोगशाळेतल्या टेबलाबद्दलही सांगितलं: हवेवर तरंगणारं पोलादी टेबल, त्याला इंचा-इंचावर आट्यांची भोकं. खिशात तिथला एक बोल्ट निघाला, तो दाखवला. बाबांनी नखाने आटे मोजले. "दोन सुती. इंचाला वीस आटे. आमच्याकडच्या जुन्या गाड्यांनाही वीसच होते." मग जरा वेळाने, "तू तिथे हे आवळतोस? स्वतः?"

"दिवसभर उभा राहून तेच करतो, बाबा."

ते ठोकळा हातात फिरवत राहिले. "मला वाटायचं तुला खुर्ची असेल," ते म्हणाले. "हाताला काम कळलं की लोक हातालाच कामाला लावतात. तुला शिकवलं असतं, तर तू तिथेच राहिला असतास. दापोडीला. म्हणून पाना काढून घ्यायचो."

मी इतकी वर्षं वेगळंच समजत होतो. मला वाटायचं, मी काहीतरी बिघडवीन म्हणून. काय बोलावं ते मला सुचलं नाही. मी ठोकळा घेतला आणि परत व्हाइसमध्ये बांधला. चौथी बाजू अजून राहिली होती.

सप्टेंबरमध्ये कळलं की निधी संपतोय, डिसेंबरनंतर करार नाही. मी बाबांना सांगितलं नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांना शिकागोच्या विमानतळावर सोडायला निघालो, तेव्हा वाटेत ते एवढंच म्हणाले, "हिवाळ्यात हवा कोरडी होते ना इथे? लाकूड आक्रसेल. महिन्यातून एकदा बोल्ट आवळ. आणि पाना व्हाइसच्या खालच्या खणात ठेवलाय. सोडायला पण तोच लागेल."

जानेवारीत न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला दुसरी पोस्टडॉक मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी, गॅरेजमध्ये बोटं बधिर होत असताना, मी सोळा बोल्ट सोडले. चाळीस मिनिटं लागली. भिंतीवर एकही भोक नव्हतं, अनामत रक्कम पूर्ण परत मिळाली. आमच्या सामानात मोडतोड न होता पोचलेली ती एकमेव मोठी वस्तू.

नव्या घरात टेबल उभं केलं आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावला. नळीत पाणी भरून एक टोक बायकोच्या हातात दिलं. फरशीचा उतार इथे दुप्पट निघाला.

"बाबा, फुटाला दोन सूत आहे. सहा फुटांना बारा. सहा सुती तुकडे पुरणार नाहीत."

बाबांनी एक क्षणही घेतला नाही. "बारा सूत म्हणजे दीड इंच. ते मापात पाप केलेलं लाकूड आहे का शिल्लक? त्याचे दोन तुकडे काप आणि आडवे घाल."

घातले. टेबलावर नट ठेवून पाहिला. हलला नाही. "मला दाखव," बाबा म्हणाले, आणि मी फोन टेबलाच्या पातळीला खाली धरला.