अन्नाचा निरोप

'पोट' या शब्दाला आमच्या भाषेंत फारशी प्रतिष्ठा नाहीं. पोटभरू, पोटार्थी हीं विशेषणें कोणी आपण होऊन स्वतःस लावून घेत नाहीं. आणि पोटाची 'खळगी' म्हटली कीं भरावयाची एक जागा, याहून अधिक कांहीं डोळ्यांपुढें उभें राहात नाहीं. त्यांतल्या त्यांत आतड्याला थोडा मान आहे. माया आतड्याची असते, आणि दुःखानें तेंच तुटतें. परंतु आतड्याला जाण आहे, त्यांत काय उतरलें हें तें ओळखतें आणि ती वार्ता सर्व शरीरास कळवितें, ही कल्पना आम्हांस कोणत्याहि म्हणींत आढळलेली नाहीं. आमचा व्यवसाय इंग्रजी साहित्य शिकविण्याचा. शरीरशास्त्राच्या वाटेस आम्ही वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं गेलों, तेंहि मधुमेहानें पुस्तक हातांत दिलें म्हणून.

शोध तसा जुना आहे. १६ जानेवारी १९०२ रोजीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनीं (नात्यानें ते मेहुणे, स्टार्लिंगची बहीण बेलिसला दिलेली होती) भूल दिलेल्या कुत्र्यावर एक प्रयोग केला. जठरांतील आंबट झालेलें अन्न लहान आतड्यांत उतरलें कीं स्वादुपिंडांतून पाचक रस वाहूं लागतो, एवढें माहीत होतें. पण त्या पिंडास वर्दी देतो कोण? रशियांतील पाव्हलॉव्हच्या मतें हें काम मज्जातंतूंचें, आणि या विषयांत पाव्हलॉव्हचा शब्द म्हणजे प्रमाण. या मेहुण्यांनीं आतड्याचा एक तुकडा निवडला, त्याकडे जाणारे सारे मज्जातंतु तोडले, आणि त्यांत आम्ल सोडलें. तार कापली होती. तरी निरोप पोंचला आणि स्वादुपिंड पाझरूं लागलें. मग त्यांनीं आतड्याचें अस्तर खरवडून, वाळू व आम्ल यांबरोबर खलून, गाळून, तो अर्क कुत्र्याच्या मानेच्या शिरेंत टोचला. रस पुन्हां वाहिला. म्हणजे निरोप तारेनें जात नव्हता. रक्ताच्या टपालानें जात होता. पाव्हलॉव्हनें आपल्या प्रयोगशाळेंत हा प्रयोग करवून पाहिला, आणि लंडनकरांचें म्हणणें खरें आहे असें कबूल केलें. विद्यापीठांच्या आवारांत उभा जन्म काढूनहि आम्हांस असा प्रसंग एकदांहि पाहावयास मिळालेला नाहीं.

अशा निरोप्या द्रव्यांस स्टार्लिंगनें १९०५ सालीं 'हॉर्मोन' हें नांव दिलें. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ चेतविणें, हालवून सोडणें. मराठींत 'संप्रेरक' हा शब्द रूढ झाला. त्यांतील 'ईर्' या संस्कृत धातूचा भावहि पुढें लोटण्याचाच. परिभाषाकारांस आम्ही एरवीं फारसे दुवे देत नाहीं. पण हा शब्द त्यांना साधला आहे.

आतां अन्न ओळखलें जातें तें कसें? आतड्याच्या अस्तरांत इतर पेशींच्या दाटींत, शंभरांत जेमतेम एक अशा प्रमाणांत, या निरोप्या पेशी विखुरलेल्या असतात. तोंड अन्नाकडे, बूड रक्ताकडे. साखरेचा कण सोडियमच्या सोबतीनें अशा पेशींत शिरतो. सोडियमबरोबर विद्युद्भार आंत येतो, त्यानें पेशी चेतते, आणि तिच्या बुडाशीं बांधून ठेवलेल्या संप्रेरकाच्या पुरचुंड्या रक्ताच्या बाजूस रित्या होतात. म्हणजे ही जीभ नुसती चाखत नाहीं. गिळते, आणि गिळण्यावरूनच ओळखते. म्हणून मधुमेही लोक चहांत ज्या गोड गोळ्या टाकतात त्या तोंडास फसवितात, पण आतड्यापाशीं त्यांचें नाणें चालत नाहीं. सुक्रालोजचे माणसांवर जे प्रयोग झाले त्यांत हें दिसून आलें. तुपाची तऱ्हा निराळी. तूप आतड्यास तूप म्हणून कळतच नाहीं. त्याचीं मेदाम्लें सुटीं व्हावीं लागतात, आणि तींहि बारा किंवा अधिक कार्बनांच्या लांबीचीं असावीं लागतात. तेव्हां कोठें 'कोलेसिस्टोकायनिन' नांवाचें संप्रेरक सुटतें, पित्ताशय आवळतें, जठर आपलें दार हळूहळू उघडूं लागतें, आणि मेंदूस 'पुरे' असें कळतें. डाळींतल्या आणि दुधांतल्या प्रथिनांचे तुकडे हेंच काम करतात.

१९६४ मध्यें, रक्तांतील इन्शुलिन मोजण्याची युक्ति नुकतीच हातीं आली असतां, लंडनच्या मॅकिन्टायर प्रभृतींनीं ग्लुकोज एकदां आतड्यांत सोडून आणि एकदां शिरेंतून देऊन पाहिलें. आतड्याच्या वाटेनें गेलेल्या साखरेस इन्शुलिन कितीतरी अधिक सुटलें. साखर तीच, पण एक देवडीवर वर्दी देऊन आलेली, दुसरी खिडकींतून शिरलेली. निरोगी माणसांत तोंडावाटे साखर घेतल्यावर सुटणाऱ्या इन्शुलिनपैकीं निम्में, पुष्कळदां त्याहूनहि अधिक, या वर्दीच्या जोरावर सुटतें. ती देणारीं संप्रेरकें मुख्यतः दोन, जीआयपी आणि जीएलपी-१. आमच्यासारख्यांच्या शरीरांत वर्दी जाते. पण स्वादुपिंड तिला, विशेषतः जीआयपीला, पूर्वीसारखी दाद देत नाहीं.

जीएलपी-१ रक्तांत आल्यापासून दोन मिनिटांत निम्में नाहींसें होतें. एवढ्या अल्पायुषी वस्तूचें औषध करावें कसें? मार्ग सांपडला तो अमेरिकेच्या वाळवंटांतील गिला मॉन्स्टर नांवाच्या विषारी सरड्याच्या लाळेंत. १९९२ मध्यें न्यूयॉर्कच्या जॉन एंग यांनीं त्यांत एक जुळें द्रव्य दाखवून दिलें. तें आपल्या रक्तांत लौकर नासत नाहीं. २००५ पासून त्याचें औषध झालें, आणि पुढें आठवड्यास एकदां टोचण्याजोगीं औषधें निघालीं. २०२५ मध्यें वजन उतरविण्यासाठीं तीं आपल्या देशांतहि विकूं लागलीं.

आमची धाकटी बहीण लहानपणापासून अंगानें स्थूल. घरच्या वडील माणसांनीं, पुढें सासरच्यांनीं, त्यानंतर डॉक्टरांनीं तिला जिभेवर ताबा ठेवण्याचा उपदेश केला. लग्नाच्या पंगतींत तिच्या पानांत दुसरी जिलबी पडली कीं चार डोळे तिकडे वळत, आणि ती तें हसण्यावारीं नेई. हें औषध सुरू केल्यावर तिसऱ्या महिन्यांत ती आमच्याकडे आली होती. अर्धी पोळी पानांत तशीच ठेवून ती म्हणाली, "दादा, तुम्हां सगळ्यांना जेवतांना हें असेंच होतें का रे? आंतून कोणी 'पुरे' म्हणतें?" होतें, असें आम्हीं सांगितलें. "मला हें कधीं ऐकूंच आलें नव्हतें," ती म्हणाली.

नीतिकारांचा मिताहार आम्हांस मान्य आहे. परंतु ज्यांस तो साधतो त्यांनीं आपल्या संयमापैकीं किती भाग मनोनिग्रहाचा आणि किती भाग वेळेवर पोंचलेल्या निरोपाचा, याचा हिशेब एकदां करावा. ज्याच्या कानीं 'पुरे' पडतें त्यानें हात आखडणें, आणि ज्याच्या कानीं तें पडतच नाहीं त्यानें आखडणें, या दोन गोष्टींस एकच नांव देणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. औषधाचे दोषहि आहेत. मळमळ होते, खर्च भारी आहे, आणि तें थांबविलें कीं उतरलेलें वजन बहुतेकांचें पुष्कळसें परत चढतें. बहिणीनें डॉक्टरांस विचारलें, किती दिवस? त्यांनीं दिवसांत उत्तर दिलें नाहीं, वर्षांत दिलें. तिच्या यजमानांनीं तेवढ्यावर पेन्शनीची वही काढली.

आम्हांस तूर्त डॉक्टरांनीं टोचून घ्यावयास सांगितलेलें नाहीं. जेवणाचा क्रम मात्र बदलावयास सांगितलें आहे. आधीं कोशिंबीर, उसळ, भाजी; भात अगदीं शेवटीं. २०१५ मध्यें न्यूयॉर्कच्या वैद्यांनीं अकरा मधुमेह्यांवर केलेला असा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत प्रथिनें व भाज्या आधीं खाल्ल्यावर रक्तांतील साखर पुष्कळ कमी चढली. अकरा ही संख्या थोडी आहे, हें आम्ही जाणतों. पण आमच्या घरांत आक्षेप निघाला तो संख्येवर नव्हे. वरणभात, तूप, लिंबू आधीं, मग बाकीचें; भात मागें ठेवलेलें पान म्हणजे पानच नव्हे, असें आमच्या कुटुंबाचें म्हणणें पडलें. शेवटीं तडजोड झाली ती अशी कीं मूद पहिल्यानें वाढावी आणि शेवटीं खावी. तोंवर ती पार निवते, आणि तूप वर थिजून बसतें.