आकड्यांची सोयरीक

नवरा नांदेडचा आणि बायको लातूरची असली, की त्या घरात भांडणाला विषय शोधावे लागत नाहीत. २००९ साली आयुक्तालय नांदेडला की लातूरला हा वाद पेटला, तेव्हा आमच्याकडे दोन दिवस वरण आणि भात यांचीसुद्धा भेट झाली नाही.

हल्ली वाद पिनकोडवर येऊन ठेपलाय. नांदेड ४३१६०१, लातूर ४१३५१२. "आमचा मोठा!" मी म्हणालो.

"मोठा असून उपयोग काय? आमच्याला अकरानं भाग जातो," सौभाग्यवती म्हणाल्या. गेला की हो! ३७,५९२. बाकी शून्य.

मग मी नांदेडचे शेवटचे चार अंक पुढे केले. १६०१ ही मूळ संख्या, आणि तीही खानदानी! ऑयलर नावाच्या थोर गणितीचं सूत्र आहे: कुठल्याही संख्येचा वर्ग करा, त्यात तीच संख्या आणि वर ४१ मिळवा. शून्यापासून ३९ पर्यंत काहीही घ्या, उत्तर मूळ संख्याच येतं. ३९ ला येतं ते १६०१. चाळीस घेतले की गाडी रुळावरून घसरते. म्हणजे नांदेड हे शेवटचं सुखरूप स्टेशन!

"याला मार्क किती?" समोरून प्रश्न आला. माणूस 'लातूर पॅटर्न'च्या गावचं, दुसरं काय विचारणार?

मार्कांशिवाय गणित करणारा एक मराठी माणूस होऊन गेला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, देवळालीचे शाळामास्तर. ना मोठी पदवी, ना मोठी खुर्ची. आकड्यांशी खेळण्याचा नाद तेवढा जबर. आपल्याकडच्या कित्येक विद्वानांनी या खेळाला नाकं मुरडली. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनरनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला मास्तर कळले.

त्यांचा खेळ असा: चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या. मोठीतून लहान वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतं, आणि मग तिथून हलत नाही.

मास्तरांना पंच नेमून आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. नांदेडचे १६०१: ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. सहा पायऱ्या. लातूरचे ३५१२: ४०८६, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. पुऱ्या सात!

"आम्ही आधी पोचलो," मी म्हणालो.

"आम्ही एक पायरी जास्त चढलो," ही म्हणाली. मार्कांचं मात्र कुणी विचारलं नाही. अर्धा तास कसा गेला तेही कळलं नाही. मास्तरांची फी एवढीच असावी.

या खेळाला अपवाद एकच. चारही अंक सारखे असतील, तर पहिल्याच वजाबाकीला हाती शून्य येतं. म्हणून सांगतो, घरात थोडं नांदेड हवं आणि थोडं लातूरही हवं.