डावा पाय, पहिला ठोका

गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत जथा दिसण्याआधी त्याचं वाद्य ऐकू येतं. नवेगावबांधच्या जंगलाकडून, अर्जुनीकडून, इटियाडोहच्या बाजूनं माणसं त्रिशूळ घेऊन पायी येतात. पुढे चालणाऱ्याच्या गळ्यात काहीतरी वाजणारं असतंच. दमलेला माणूस त्या ठोक्यावर पाऊल टाकतो आणि डोंगरापर्यंत पोचतो. गावात ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गाही आहे. संदल निघाला की ताशा कडाडतो आणि तिथंही माणसं त्याच्या चालीनं चालतात. चालणाऱ्याला चालवणारं वाद्य मी जन्मापासून ऐकलं. ते शिकायला मात्र मला घराबाहेर जावं लागलं.

आमच्या घरात वाद्य नव्हतं. पूर्वी होतं. आबाजींच्या तरुणपणापर्यंत, म्हणजे माझ्या आजोबांच्या पिढीपर्यंत, वस्तीतल्या घराघरांत डफडं टांगलेलं असे. लग्न असो, मयत असो, पोळा असो, बोलावणं आलं की जायचं. पत्रावळीभर भाकर घ्यायची आणि अंगणाबाहेर उभं राहून वाजवायचं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्यानंतर पूर्वेकडच्या गावागावांतल्या आमच्यासारख्या घरांनी गावकीची कामं सोडली आणि डफडंही सोडलं. आबाजींनी आपलं डफडं माळ्यावर ठेवलं. पुन्हा त्याला हात लावला नाही. वाजवता येत असूनही न वाजवणं काय असतं, हे मला फार उशिरा कळलं.

शाळेत आमच्या पीटीच्या सरांनी बँड पथक उभं केलं. दोन साइड ड्रम, एक बेस ड्रम, झांजा आणि ब्यूगल. माझ्या वाट्याला साइड ड्रम आला. पट्टा उजव्या खांद्यावरून घ्यायचा. ड्रम डाव्या मांडीपाशी तिरपा लोंबतो, म्हणून त्याचं नाव साइड ड्रम. तो तिरपा असल्यामुळेच डाव्या हाताची पकड वेगळी असते. तळवा वर, काडी अंगठ्याच्या बेचक्यात, दोन बोटं वर आणि दोन खाली. आज खोगिरासारख्या पट्ट्यांनी ड्रम पोटासमोर सपाट बसतो, तरी कितीतरी वादक ती जुनी पकड सोडत नाहीत. तिरप्या ड्रमची आठवण त्यांच्या बोटांत राहिली आहे.

पहिले काही आठवडे सरांनी आम्हांला ड्रम दिलाच नाही. मैदानावर कदमताल. तोंडानं बोल म्हणायचे, टाळी वाजवायची आणि प्रत्येक आवर्तनाचा पहिला ठोका डाव्या पायावर आणायचा. सर म्हणत, "हात नंतर शिकवीन. आधी पाय पक्के होऊ द्या." बसून वाजवणाऱ्याचा पाय लय मोजतो. चालत वाजवणाऱ्याच्या पायाला त्याशिवाय खड्डा चुकवायचा असतो, वळण घ्यायचं असतं, शेजाऱ्याच्या रांगेत राहायचं असतं. अशा वेळी पायाची लय मोडली तर हात तिला धरून ठेवू शकत नाहीत. म्हणून पाय इतका पक्का हवा, की त्याचा विचारच करावा लागू नये.

घरी सरावाला ड्रम नव्हता. लाकडाच्या फळीवर जुन्या ट्यूबचा तुकडा खिळ्यांनी ठोकला होता. रबरावरून काडी उसळते, त्यामुळे उसळी आवरायला शिकता येतं. उशीवर ती उसळत नाही, म्हणून उशीवरच्या सरावानं मनगट बळकट होतं. लयीसाठी भिंतीवरचं घड्याळ होतं. तेज चालीत मिनिटाला १२० पावलं पडतात, म्हणजे डावा पाय बरोबर दर सेकंदाला. घड्याळाची टिकटिक हाच माझा डावा पाय झाला. नव्या वादकाचा पहिला शत्रू घाई. उत्साह वाढला की १२० चे १३० होतात आणि मागची पोरं धावू लागतात. घड्याळ मात्र कुणाच्या उत्साहाला भीक घालत नाही.

मग हातांचे बोल आले. एकेक हात, दोन-दोन हात, आणि पॅराडिडल: उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. दर चार ठोक्यांनी पुढाकार एका हाताकडून दुसऱ्याकडे जातो, त्यामुळे दुबळ्या हाताला लपायला जागा राहत नाही. अशा मूळ बोलांची यादी जगभर वापरतात. अमेरिकेत १९३३ साली स्थापन झालेल्या ढोलवादकांच्या संघटनेनं २६ बोल रूढ केले आणि १९८४ साली पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीनं ती यादी ४० वर नेली. आमच्या सरांकडे छापील यादी नव्हती. फौजी बँडमधून निवृत्त झालेल्या एका माणसानं त्यांना जे शिकवलं, ते त्यांनी आमच्या हातात उतरवलं.

एका संध्याकाळी आबाजी फळीवरचा माझा सराव ऐकत बसले होते. त्यांनी विचारलं, "कोनासाठी वाजवतेस, बाबू?" मी म्हटलं, सव्वीस जानेवारीच्या परेडसाठी. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग वाजव. त्या दिवशी बाबासाहेबाची घटना लागू झाली. पन कोनी 'वाजव रे' म्हनला, तं काड्या ठेवून दे."

त्या रात्री ते पहिल्यांदा डफड्याविषयी बोलले. उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हातात बांबूची बारीक कामटी. चामडं ढिलं पडलं की तणसाचा जाळ करून शेकायचं. "जोर टिपऱ्याचा, बारीकी कामटीची," ते म्हणाले आणि माझ्या फळीवर दोन बोटांनी नुसती कामटी वाजवून दाखवली. इतकी हलकी आणि इतकी सारखी, की मी इतके दिवस नुसता आवाज करत होतो हे मला ऐकू आलं. चामडं तापवून सूर चढवण्याची ही रीत फार लांब गेली आहे. उत्तर भारतातल्या गिरमिटिया मजुरांनी ताशा त्रिनिदादला नेला. तिथं तो आजही 'तासा' म्हणून मिरवणुकीत वाजतो आणि वाजवण्याआधी त्याची कातडी आगीसमोर धरतात.

पुढे कॉलेजात एनसीसीच्या संचलनात मोठ्या तुकडीपुढे वाजवलं, तेव्हा एक नवी अडचण कळली. रांगा लांब असल्या की मागच्यांचं पाऊल उशिरा पडतं. ती पोरं आळशी नसतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ३४ मीटर मागे असलेल्या मुलाला ठोका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यानं उशिरा ऐकू येतो, आणि तेज चालीत तेवढा वेळ म्हणजे पावलाचा पाचवा भाग. त्यानं कानावर विसंबून पाऊल टाकलं तर प्रामाणिक असूनही तो मागे पडतो. त्यावर एकच उपाय, की त्यानं पुढच्याच्या टाचेकडे पाहावं. वादकांमध्येही मागच्यांनी पुढच्या आवाजामागे धावायचं नसतं, काठी घेऊन चालणाऱ्या नायकाकडे बघायचं असतं. कानानं लय समजते, डोळ्यांनी ती एकत्र राहते. दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात बीटिंग रिट्रीट होतं, तेव्हा मी सुरांइतकंच त्या पावलांकडे बघतो. इतके बँड एका पावलावर आणायला किती डोळे लागले असतील, याचा अंदाज मला येतो.

शिकण्याच्या पायऱ्या मला अशा दिसल्या. आधी जोर येतो, मग वेग. सारखेपणा बऱ्याच उशिरा येतो: उजव्याचा आणि डाव्याचा ठोका डोळे मिटून ओळखू येऊ नये, इतका. त्याच्याही नंतर ऐकणं येतं. साइड ड्रमवाल्याला वाटतं, बँड आपला. खरी चाल बेस ड्रमची असते. त्याच्या दोन ठोक्यांमधली मोकळी जागा भरणं एवढंच आपलं काम. आणि शेवटी येतं थांबणं. ब्यूगल वर चढतो तेव्हा काड्या हवेत धरून उभं राहायचं आणि नुसत्या पायांनी लय चालू ठेवायची. त्या मात्रांमध्ये वादकाची परीक्षा होते.

नोकरीनिमित्त नागपूरला असताना १४ एप्रिलच्या, बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या वस्तीतल्या पोरांचं पथक बांधलं. सुटी घेऊन आबाजींना नेलं. त्यांच्यापुढून पथक गेलं तेव्हा पोरांच्या गळ्यात ड्रम होते, अंगावर इस्त्रीचे कपडे होते आणि रस्ता त्यांच्यासाठी मोकळा केलेला होता. आबाजी म्हणाले, "डावी पोरगी लय बारीक वाजवते." एवढंच. पण त्यांनी ठोका ऐकला होता. डफडं माळ्यावर गेलं तरी त्यांचा कान जागाच राहिला होता.

आता मी पुन्हा प्रतापगडला असतो आणि आसपासच्या शाळांतल्या मुलांना शिकवतो. १९७२ पासून जवळच वसलेली तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. त्यांच्या प्रार्थनेतला मोठा ढोल वाकड्या काडीनं वाजतो. मी मुलांना तोही लक्ष देऊन ऐकायला सांगतो, कारण घर सोडून आलेल्या माणसांनी आपली लय सांभाळून आणली आहे.

एका गोष्टीची मला फार काळजी वाटते. बहुतेक शाळांत ड्रम डिसेंबरच्या शेवटी कपाटातून निघतो आणि जानेवारी संपला की परत जातो. महिनाभरात मुलं जोरापर्यंत पोचतात, सारखेपणापर्यंत नाही. ज्या मुलाकडे घरी वाद्य नाही त्याला शाळेचा ड्रम वर्षभर मिळाला पाहिजे, निदान फळी आणि ट्यूबचा तुकडा तरी. मुलींना फक्त झांजा देऊ नयेत, बेस ड्रम द्यावा, आणि तो पेलायला लागणारा पट्टा त्यांच्या मापाचा करून द्यावा. डफडं, ढोल, ताशा वाजवणाऱ्या घरांतल्या जाणत्यांना शाळेनं सन्मानानं बोलवावं, खुर्ची द्यावी, मानधन द्यावं, आणि यायचं की नाही ते त्यांच्यावर सोडावं. आबाजींनी मला विचारलेला प्रश्न मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी विचारतो: कुणासाठी वाजवतोस? उत्तर लगेच यावं असा माझा आग्रह नसतो. वाजवायचं की ठेवून द्यायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं, आणि तसं ठरवता यावं इतका हात तयार करून देणं हे शिकवणाऱ्याचं काम आहे.